रंगपटाच्या दारात: नाटक संपल्यावर कलाकारांना भेटायचं तर

एका ताईंनी विचारलं आहे: "रविवारी दुपारच्या प्रयोगाला दहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. नाटक संपल्यावर मुलीला नायिकेचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला भेटायचं होतं. रंगपटाशी, म्हणजे कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीशी, गेलो तर दारातल्या माणसाने 'पाच मिनिटं थांबा' म्हणून सांगितलं. बराच वेळ उभ्या राहिलो, आणि मग कळलं की बाई दुसऱ्या दाराने निघूनही गेल्या. मुलगी फार हिरमुसली. आमचं काही चुकलं का? असं भेटायला जाणं बरोबर आहे का, आणि जायचं तर त्याची रीत काय?"

ताई, तुमचं काहीही चुकलं नाही. चुकलं ते दारातल्या माणसाचं. मी व्यावसायिक नाटकांचा व्यवस्थापक म्हणून आयुष्याची बरीच वर्षं त्याच दारात उभा राहिलो आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. अभिनेत्रीला निघायची घाई असेल तर ते दारातल्या माणसाला आधीपासून ठाऊक असतं. त्याने तुम्हाला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं: "आज नाही जमायचं, त्यांचा रात्री दुसरीकडे प्रयोग आहे." लहान मुलाला नकार समजतो. ताटकळत ठेवलेलं त्याला समजत नाही.

पुन्हा भेटायला जरूर जा. मराठी नाटकाची ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. शेवटचा पडदा पडतो, प्रेक्षक बाजूच्या बोळातून किंवा जिन्याने आत येतात, आणि ज्याला आत्ता रडताना, भांडताना, गाताना पाहिलं तो माणूस घाम पुसत समोर उभा असतो. दादरचं शिवाजी मंदिर घ्या, पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी, सांगलीचं भावे नाट्यमंदिर किंवा मडगावचं रवींद्र भवन. मध्ये फार कुणी नसतं. एक व्यवस्थापक असतो आणि एक दार. हे दार कुठल्या नियमाने उघडं ठेवलेलं नाही. आत येणारा आणि आत बसलेला, दोघं एकमेकांची कदर ठेवतात म्हणून ते उघडं राहिलं आहे. अलीकडे गर्दीमुळे काही प्रयोगांना ते लावून घ्यावं लागतं, आणि लावताना माझा हात जड होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रेक्षकाचं नाटक पडद्याबरोबर संपतं, आमचं त्यानंतर निदान तासभर चालू असतं. पडदा पडल्यावर ध्वनीवाला मुलगा आधी कलाकारांचे कॉलर माइक काढून घेतो, कारण ते महाग असतात आणि घामाने खराब होतात. कपडेपट सांभाळणारा एकेक शालू, एकेक दागिना मोजून पेटीत ठेवतो. ऐतिहासिक नाटक असेल तर डिंकाने चिकटवलेल्या दाढी-मिशा सोडवायच्या असतात. ओढून काढल्या तर कातडी सोलवटते. टोपाखाली केस चिंब झालेले असतात. दोन-अडीच तास मोठ्या आवाजात बोललेल्या किंवा गायलेल्या माणसाला त्या क्षणी पाणी हवं असतं, पंखा हवा असतो आणि दोन मिनिटं कुणाशी बोलायला लागू नये असं वाटत असतं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं त्याला लोक आढ्यता म्हणतात. ती आढ्यता नसते, दमणूक असते.

त्याच वेळी रंगमंचावर बॅकस्टेजची मुलं नेपथ्य उतरवायला लागलेली असतात. फ्लॅट, म्हणजे भिंतींसारख्या उभ्या चौकटी, सुटे होतात, लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, उचलल्या जातात, खिळे निघतात, जमिनीवर वायरी पसरलेल्या असतात, वर तापलेले दिवे असतात. पालिकेच्या नाट्यगृहांत सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं ठरलेली असतात. दुपारच्या नाटकाचं सामान टेम्पोत चढेपर्यंत रात्रीच्या नाटकाचा टेम्पो बाहेर येऊन उभा असतो. अशा वेळी प्रेक्षक रंगमंचावर चढून नाटकातल्या सोफ्यावर बसून फोटो काढू लागले की दोन धोके असतात. एक, कुणाच्या तरी डोक्यावर फ्लॅट येईल. दुसरा, ज्या मुलाच्या हातात तो जड फ्लॅट आहे तो तुम्हाला चुकवताना स्वतः पडेल. त्या मुलांची मजुरी थोडी असते आणि त्यांच्या दुखण्याची बातमी कुठे येत नाही. म्हणून रंगमंचावरून आत जाऊ नका. बाजूचं दार विचारा, बहुतेक नाट्यगृहांना ते असतं.

रविवारची गोष्ट आणखी वेगळी. दुपारी पार्ल्याला दीनानाथमध्ये प्रयोग आणि रात्री ठाण्याला, असं एकाच नटाचं असू शकतं. मधल्या वेळात मुंबईची वाहतूक, दोन घास आणि पुन्हा रंगभूषा. तुमच्या मुलीला भेट मिळाली नाही त्यामागे बहुधा हेच असणार. रात्रीच्या प्रयोगानंतर घाई निराळ्या कारणाची असते. कुणाला शेवटची गाडी गाठायची असते. दौऱ्यावर असतील तर बस रातोरात पुढच्या गावाला निघते. आमच्या व्यवसायाने रस्त्यावर फार माणसं गमावली आहेत. २००१ साली अभिनेत्री भक्ती बर्वे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या, ती जखम माझ्या पिढीच्या प्रत्येक नाटकवाल्याच्या मनात अजून ओली आहे. म्हणून रात्री बसचा ड्रायव्हर घड्याळाकडे बघायला लागला की मी भेटी आवरत्या घेतो. रात्री उशिरा निघालेली गाडी वेळ भरून काढायला वेगाने जाते, आणि ते मला नको असतं.

आता रीत सांगतो. तुम्हाला कुणाला भेटायचं असेल तर मध्यंतरात तिकीट खिडकीपाशी किंवा प्रेक्षागृहाच्या दाराशी नाटकाचा व्यवस्थापक गाठा आणि विचारा: "मुलीला अमुक बाईंना भेटायचं आहे, आज जमेल का?" तो हो किंवा नाही सांगेल. हो म्हणाला तर किती वाजता, कुठल्या दाराने, तेही सांगेल. लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, बाहेरगावाहून आलात, चाकाच्या खुर्चीवरचं कुणी सोबत आहे, असं काही असेल तर तेही बोला. ते आधी कळलं तर आम्ही कलाकाराला सांगून ठेवतो, आणि बहुतेक कलाकार अशा भेटीसाठी आपणहून थांबतात. चाकाची खुर्ची बऱ्याच नाट्यगृहांच्या रंगपटापर्यंत पोचतच नाही. तेव्हा कलाकारच खाली प्रेक्षागृहात येतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मध्यंतरात कलाकाराला मात्र कधीच भेटायला जाऊ नका. सख्खा भाऊ असला तरी नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत कपडे बदलायचे असतात, पहिल्या अंकात काही अडखळलं असेल तर ते सावरायचं असतं, आणि मुख्य म्हणजे ज्या मनःस्थितीत दुसरा अंक सुरू होतो ती टिकवून धरायची असते. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बापाच्या मृत्यूची बातमी ऐकायची आहे अशा नटाला कुणी येऊन "काय मस्त हसवलंत हो!" म्हणून पाठीवर थाप मारली, तर त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून गोळा करावं लागतं. प्रयोगाआधीही तसंच. पहिली घंटा झाल्यावर रंगपटात बाहेरचं माणूस नको. फुलं, पत्र, निरोप काही असेल तर व्यवस्थापकाकडे द्या, ते पोचतं.

भेट झाली तर बोलायचं काय? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण दारात उभं राहून माणसं काय काय बोलतात ते मी ऐकलं आहे आणि आतल्या माणसाचा चेहरा त्यावर कसा बदलतो तेही पाहिलं आहे. "छान काम केलंत" हे पुरेसं आहे, त्यात काही कमी नाही. पण तुम्हाला नाटकातली एखादी नेमकी जागा आवडली असेल तर ती सांगा. "तुम्ही पत्र वाचता वाचता थांबलात आणि चष्मा काढून ठेवलात, तेव्हा मला माझे वडील आठवले." एवढं एक वाक्य घेऊन नट आठवडाभर जगतो. ती जागा त्याने तालमीत शोधलेली असते, कधी दिग्दर्शकाशी वाद घालून मिळवलेली असते, आणि ती कुणाला दिसते का याची त्याला रोज शंका असते. तुमच्या मुलीला पुढच्या वेळी हेच सांगायला शिकवा. तिला कुठलं दृश्य आवडलं आणि का, एवढंच. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं सांगतात.

काय बोलू नये तेही सांगतो. "टीव्हीवर जाड दिसता, प्रत्यक्षात बऱ्या आहात" असं म्हणू नका. देहावर काहीच बोलू नका, कौतुक म्हणूनसुद्धा. "ओळखलंत का मला?" असं विचारून कोंडीत पकडू नका. प्रशांत दामले यांनी २०२२च्या नोव्हेंबरात षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा नाट्यप्रयोग केला. प्रत्येक प्रयोगानंतर भेटायला आलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. कुणाच्याही स्मरणशक्तीला ते पेलणारं नाही. तुम्हीच आधी नाव सांगा, मागे कुठे भेटलात ते सांगा, म्हणजे समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. मालिकेत पुढे काय होणार हे विचारू नका. त्यांना ते बहुधा ठाऊक नसतं, आणि तुम्ही आत्ता पाहिलं ते नाटक आहे.

एखाद्या भूमिकेत बदली कलाकार आला असेल तर त्याच्यापाशी आधीच्या कलाकाराची आठवण काढू नका. "मी हे नाटक पहिल्या संचात पाहिलं होतं" या वाक्याच्या पुढे काहीही आलं तरी ते टोचतं. बदली कलाकाराला कधी कधी चार-पाच तालमी मिळतात, आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून त्याला उभं राहायचं असतं. त्याच्याशी त्याच्या कामाबद्दल बोला, त्याला ते फार हवं असतं.

नाटक आवडलं नसेल तर? भेटायला गेलंच पाहिजे असं नाही. ओळखीमुळे जावं लागलं तर नमस्कार करा, दमणुकीची चौकशी करा, आणि मत दोन दिवसांनी फोनवर सांगा. खोटं कौतुक नटाला लगेच कळतं, ते करू नका. पण पडदा पडल्यावर दहाव्या मिनिटाला दुसरा अंक कुठे ढिला आहे हे ऐकण्याची कुणाचीही तयारी नसते.

रंगपटात मागण्या करू नयेत. पुढच्या प्रयोगाचे पास मागू नयेत. नाटक तिकिटावर चालतं, आणि जो नट प्रेमाने पास देतो त्याला ते अनेकदा स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात. मुलाला मालिकेत काम द्या, सोसायटीच्या गणपतीला उद्घाटनाला या, हे माझं बाड वाचा, अशी बोलणी तिथे काढू नका. नव्या लेखकांबद्दल मला आस्था आहे म्हणून सांगतो: रंगपटात हातात दिलेली संहिता आरशापुढे पावडरच्या डब्याखाली राहते. निर्मात्याच्या कार्यालयात रीतसर पाठवा, तिथे ती वाचली जाण्याची शक्यता अधिक आहे.

एक दृश्य मला दर आठवड्याला दिसतं आणि दर आठवड्याला खुपतं. संचात एक मालिकेतला प्रसिद्ध चेहरा असतो. दार उघडलं की सगळी गर्दी त्याच्याभोवती जमते, आणि शेजारच्या खुर्चीत ज्या बाईंनी अख्खा प्रयोग खांद्यावर वाहिलेला असतो त्या एकट्या बसून चेहऱ्याला तेल लावून रंग उतरवत असतात. कुणी तर त्यांच्याच हातात मोबाइल देऊन "जरा आमचा फोटो काढता का?" म्हणतं. कृपा करून असं करू नका. खोलीत शिरल्यावर सगळ्यांना नमस्कार करा. छोटं काम करणाऱ्या मुलालाही सांगा की तुझं काम पाहिलं. बाहेर पडताना रंगभूषाकार दिसले, प्रकाशयोजनेवर बसलेला मुलगा दिसला, तर त्यांनाही दोन शब्द बोला. या माणसांना कौतुक जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि मिळालं की ती कशी उजळतात ते मी पाहिलं आहे.

फोटोचं म्हणाल तर आधी विचारा, कॅमेरा उघडून तयार ठेवा, एका घराचा एकच फोटो काढा आणि बाजूला व्हा. रंगपट ही कपडे बदलायची जागा आहे. तुमच्या फोटोच्या मागच्या आरशात कोण कोणत्या अवस्थेत दिसतंय याची तुम्हाला कल्पना नसते. म्हणून आत मोबाइल खिशातच असावा, आणि फोटो बाहेरच्या मोकळ्या जागेत. व्हिडिओ कॉल लावून "आमच्या आत्याशी दोन शब्द बोला" म्हणणं तर नकोच. समोर उभ्या असलेल्या वीस जणांचा वेळ त्यात जातो. नाटकाचा शेवट, नेपथ्यातली एखादी करामत फोटोतून किंवा लिहून फोडू नका. उद्या येणाऱ्या प्रेक्षकाचा आनंद त्यात असतो, आणि आमची रोजीरोटीही.

प्रयोगात ज्याचा मोबाइल वाजला तो माणूस फोटो काढायला आला की कलाकाराला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा. २०१९ साली सुबोध भावे यांनी प्रेक्षागृहात वाजणाऱ्या मोबाइलबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवतो असं म्हटलं होतं. अनेकांना तेव्हा ते जास्त वाटलं. मला नाही वाटलं. भेटीतला आदर प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरच सुरू होतो, रंगपटात येऊन तो नव्याने दाखवता येत नाही.

अंगाला हात लावू नका. हे मी पुरुषांना आधी सांगतो आणि मग बायकांनाही. खांद्यावर हात टाकणं, कमरेला धरून फोटोसाठी जवळ ओढणं, "किती गोड" म्हणत गाल ओढणं हे सगळं होतं, आणि अभिनेत्री हसून सहन करतात, कारण मागे रांग उभी असते आणि कुणाचं मन मोडायचं नसतं. ते हसू म्हणजे परवानगी नव्हे. नमस्कार करा. समोरून हात पुढे आला तर हात मिळवा. बायकांचा रंगपट वेगळा असेल तर पुरुषांनी दाराबाहेर थांबावं आणि निरोप आत पाठवावा. दार लोटलेलं असेल तर ते उघडण्याआधी वाजवावं. ज्येष्ठ कलाकारांच्या पाया पडावंसं वाटलं तर पडा, आपली रीतच आहे ती. पण कुणी मागे सरकून नको म्हणालं तर हट्ट धरू नका. आणि मुलांना तर त्यासाठी कधीच ढकलू नका.

खलनायक करणाऱ्या नटांबद्दलही एक सांगायचं आहे. निळू फुले यांच्यासारखा अतिशय सज्जन माणूस, पण त्यांच्या पडद्यावरच्या भूमिका पाहून बायका त्यांच्या वाऱ्याला उभ्या राहायला घाबरत. ती त्यांच्या कामाची पावतीच होती. तरी आजही नाटकात सुनेला छळणारी सासू करणाऱ्या बाईंना प्रेक्षक रंगपटात येऊन खरोखरीचं सुनावतात. त्या घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या, आजारी सासूचं पथ्य सांभाळणाऱ्या असू शकतात. तुमचा राग आला तसा त्यांना सांगा, पण कौतुक म्हणून सांगा.

आणि समोरचा माणूस आज घरून काय घेऊन आला आहे ते आपल्याला दिसत नाही. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग केला, आणि गाण्यांना दाद देणाऱ्या प्रेक्षकांपुढे ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातला प्रेक्षकासाठीचा धडा मात्र फार कमी लोक घेतात. मी अशा संध्याकाळी दारात उभा राहिलो आहे, जेव्हा आतल्या माणसाला प्रयोगाच्या तासभर आधी वाईट बातमी आली होती. त्याने प्रयोग पूर्ण केला आणि मला फक्त म्हणाला, "आज कुणाला सोडू नका." बाहेरच्यांना मी कारण सांगू शकत नव्हतो. त्यांतले काही जण 'डोक्यात हवा गेली' म्हणत निघून गेले. कारण न सांगता कुणी नाही म्हटलं तर त्यामागे काही असेल, असं धरून चाला.

भेटवस्तूंमध्ये सगळ्यात मोलाचं हाताने लिहिलेलं पत्र. ते दौऱ्याच्या बसमध्ये वाचलं जातं, एकमेकांना दाखवलं जातं, आणि कित्येकांनी अशी पत्रं वर्षानुवर्षं जपून ठेवली आहेत. गजरा चालतो, पुस्तक चालतं. घरचं खाणं प्रेमाने आणलं जातं, कोकणात आणि कोल्हापूरकडे तर फारच. ते व्यवस्थापकाकडे द्या, त्यात काय आहे ते सांगा, आणि "माझ्यासमोर एक घास घ्या" असा आग्रह करू नका. गायक नट प्रयोगानंतर तळलेलं खात नाहीत, कुणाला मधुमेह असतो. पैशाचं पाकीट देऊ नका. एखाद्या ज्येष्ठ कलाकाराच्या उपचारासाठी मदत करावीशी वाटली तर ती निर्मात्यामार्फत किंवा नाट्य परिषदेमार्फत करा, रंगपटात सगळ्यांसमोर नाही.

हे सगळं मोठ्या नाट्यगृहांचं झालं. सगळीकडे दार असतंच असं नाही. सत्तरच्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं व्हायची, तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतरच नव्हतं. आज पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर गेलात तर प्रयोगानंतर दिग्दर्शक तुमच्या शेजारी येऊन उभा राहील. अशा ठिकाणी थांबा, प्रश्न विचारा, मतभेद असेल तर तोही मांडा. त्या मंडळींना तेच हवं असतं.

तमाशाच्या फडात उलटी काळजी घ्यावी लागते. तिथे तंबूत दार नसतं, नुसती कनात असते. तिच्या आड बायका कपडे बदलतात, तिथेच त्यांची लेकरं झोपलेली असतात. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंतांनी ही कला राष्ट्रपतींच्या सन्मानापर्यंत नेली, तरी कनात वर करून आत डोकावणं हा आपला हक्क आहे असं समजणारे लोक अजून आहेत. रंगमंचावर तिने लावणी म्हणताना तुमच्याकडे पाहिलं ते तिचं काम होतं. कौतुक करायचं तर फडाच्या व्यवस्थापकाला भेटा, उजेडात, चार माणसांसमोर.

परदेशी गेलेल्या मराठी मंडळींसाठीही थोडं सांगतो, कारण लंडनला मुलांकडे गेलेले आईवडील वेस्ट एंडचं नाटक पाहून सवयीने आत जाऊ बघतात. तिथे प्रेक्षकाला आत सोडत नाहीत. नाट्यगृहाच्या मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत कलाकारांचं दार असतं. त्याच्या बाहेर रस्त्यावर उभं राहायचं. कलाकार बाहेर आले तर कार्यक्रमपत्रिकेवर सही देतात, जमलं तर फोटो देतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेलाही असंच, गर्दीच्या नाटकांना तिथे लोखंडी कठडे लावतात. येणं हे त्यांच्यावर बंधनकारक नाही. ज्या दिवशी दोन प्रयोग असतात त्या दिवशी दुपारच्या प्रयोगानंतर बरेच जण बाहेर येत नाहीत, कारण त्यांना विश्रांती घ्यायची असते. भेटायची इच्छा असेल तर रात्रीचं तिकीट काढा.

आता माझ्या बाजूच्या लोकांना. आम्हीही काही पाळायला हवं. भेटता येणार नसेल तर ते शेवटच्या पडद्यानंतर ध्वनिक्षेपकावर सांगावं, नाहीतर दारात लगेच सांगावं. भेटणार असाल तर तोंड धुऊन दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या, मोबाइल बाजूला ठेवा, आणि समोरच्याकडे बघून बोला. आधी लहान मुलं आणि म्हातारी माणसं. दौऱ्यावर स्थानिक ठेकेदार 'आपली खास माणसं' म्हणून रांग मोडून वीस जणांना आत घुसवतो, तिकीट काढून आलेले बाहेर राहतात. एका गावी तर मला सांगितलं गेलं की साहेबांचे पाहुणे येईपर्यंत कुणालाच सोडू नका. मी तसं केलं नाही आणि कुणीच करू नये. तिकीट काढून आलेला माणूस आमचा पहिला पाहुणा आहे. बालनाट्यात राक्षस किंवा चेटकीण करणाऱ्यांनी रंग आणि दात तसेच ठेवून अंधाऱ्या बोळात मुलांसमोर येऊ नये. उजेडात या, खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, आणि त्याने हात पुढे केला तरच हात द्या.

सगळ्यात महत्त्वाचं तरुण चाहत्यांबद्दल. सोळा-सतरा वर्षांचं पोर डोळ्यांत स्वप्नं घेऊन रंगपटात येतं. त्याच्या किंवा तिच्या लेखी तुम्ही देवासारखे असता. तिचा फोन नंबर मागणं, रात्री निरोप पाठवणं, "काम देतो, एकटी भेट" म्हणणं हा सरळ गैरफायदा आहे, मग कलाकार कितीही मोठा असो. कामाबद्दल बोलायचं असेल तर तालमीच्या जागी, दिवसा, घरच्या माणसाला बरोबर घेऊन. आईवडिलांनो, तुमच्या मुलीशी किंवा मुलाशी कुणी असं वागलं तर गप्प बसू नका. त्या प्रयोगाच्या व्यवस्थापकाला गाठा, निर्मात्याला लेखी कळवा, निरोप जपून ठेवा. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर पोलिसांकडे जा, त्यासाठी निर्मात्याच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि आमच्यातल्या ज्याला हे दिसलं त्याने 'आपल्याच संचातला आहे' म्हणून ते पोटात घालू नये.